आंधळ्या कोंडावर मोजणी

फॉर्मवर पाच रकाने:
वेळ, प्राणी, नर की मादी, किती, आणि शेरा.
कोलशेतच्या कंपनीत सव्वीस वर्षं मी स्टोअर सांभाळलं,
नट, वॉशर, गॅस्केट
दर मार्चअखेर मोजून शिल्लक जुळवली.
म्हटलं, हे जमेल.

उपवनवरून येऊरचा घाट चढताना
जीपमधल्या पोरानं विचारलं,
मॅडम, बिबट्यासाठी आलात?
म्हटलं, मोजायला आले.

पाड्यापुढे रस्ता संपला,
मग पायवाटही,
मग नुसता ओढ्याचा सुका कणा, दगडांचे मणके,
आणि दोन्ही बाजूंनी जवळ येत जाणारी घळ.
काळ्या कातळात उंबराची मुळं अशी घुसलेली
जसं कुणी कुलूप फोडायला घेतलंय
आणि घाई नाही.

चैत्या दुमाडा पुढे, रबरी चपलांत.
"आंधळा कोंड," तो म्हणाला.
"दुपारशिवाय ऊन शिरत नाय.
यानं कुणाचं तोंड बघितलेलं नाय."
वैशाखात कोंड एका खोलीएवढा उरलेला,
कडेच्या दगडावर पाणी कुठवर होतं त्याच्या रेघा,
चहा सुकलेल्या कपात असतात तशा.

ऐनाच्या दुबेळक्यात मचाण.
बोलायचं नाही, बॅटरी नाही, अत्तर नाही.
डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहायचं.

सात चाळीस. मुंगूस, एक.
सव्वानऊ. चितळं, सात. सहाजणं प्यायली,
एक मान वर करून उभं.
ते शेवटी प्यायलं, घाईघाईत.
दहा पन्नास. सांबर, नर.
साडेअकरा. सांबर, नर.
मी कुजबुजले, तेच असेल तर दोनदा धरता येणार नाही.
"तहान दोनदा लागली ना," चैत्या म्हणाला.
आमच्या स्टोअरात
वॉशर पुन्हा पाणी प्यायला येत नसत.

साडेबाराला चंद्र घळीत उतरला.
उकळी यायच्या आधीच्या दुधासारखं पाणी.
डोंगरापलीकडे घोडबंदरच्या टॉवरांचा पिवळट उजेड.
तिथे सोळाव्या मजल्यावर माझा मुलगा
टाकी भरून वाहतेय म्हणून
वॉचमनला फोन लावत असेल.

दोन दहा. भेकर भुंकलं, एकदाच.
रातवा गप्प झाला.
चैत्याचं बोट माझ्या मनगटावर.
काही आलं नाही.
कुणाचं न येणं इतक्या जवळून
मी आजवर ऐकलं नव्हतं.
त्याला रकाना नाही.

चार पाच.
पाचोळ्यात पाऊल. दोन पायांचं.
डोक्यावर हंडा, कमरेला कळशी.
ती दोनदा खाकरली,
शेजारच्या घरात शिरताना खाकरतात तशी,
मग उकिडवी बसून
पाण्यावरचा पाला हातानं सारत राहिली.

माझं पेन हललं. सवयीनं.
वेळ लिहून झाली होती.
चैत्या फॉर्मकडे बघत होता.
"बहीण हाय माझी. बायजी.
पाड्याच्या नळाला होळीपासून पाणी नाय."
मी पेनाला टोपण लावलं.
ती गेल्यावर पाणी गढूळ होतं,
आणि कितीतरी वेळ मी त्या कोऱ्या ओळीकडेच बघत बसले.

उजाडल्यावर खाली उतरलो.
ओल्या मातीत सांबराचे खूर, चितळांची नक्षी,
बायजीच्या टाचा,
आणि एका टाचेच्या खळग्यात
एक पंजा, अख्खा,
अजून पाणी झिरपत होतं त्यात.
चैत्यानं चार बोटं ठेवून मापलं.
"मादी."
कधी आली?
तो काही बोलला नाही. माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं.

डोळ्यांनी दिसलेलंच धरायचं.
म्हणून बिबट्या: शून्य.

जीपमधला पोरगा म्हणाला, काय, दिसला?
मी फॉर्म मांडीवर घेऊन
शेऱ्याच्या रकान्यात लिहीत होते,
जीप हलत होती, अक्षर वाकडं आलं:
पाणी कमी.
शिल्लक जुळत नाही.