फेरमोजणी

लॅबच्या खिडकीतून पोराने बारा काचा दिल्या
आणि मेणाचे चार ठोकळे, नखाएवढे.
म्हणाला, काका, गाडीत विसरू नका हं,
सत्तेचाळीस आहे आज, मेण पाघळेल.

संत्रा बर्फीच्या रिकाम्या डब्यात कापूस घालून
मी ते ठेवले, डब्याभोवती ओला दुपट्टा.
खिशात कांदा, शशीकलेने कोंबलेला.
धंतोली ते रामदासपेठ, दहा मिनिटांचा रस्ता.
स्वतःच्या आतलं मांडीवर घेऊन
ऑटोत बसलो.

चौतीस वर्षं भूमी अभिलेखात काढली.
सावनेर, काटोल, उमरेड, भिवापूर,
लोखंडी साखळी ओढत, बोरीबाभळीतून.
फेरमोजणीचा अर्ज आला की डोकं फिरायचं:
माझ्या साखळीवर संशय?
उमरेडकडचा गोमाजी डाहारे,
तीनदा अर्ज, तीनदा पैसे भरले,
तीनदा बांध जागच्या जागी.
तिसऱ्यांदा मी त्याला नको ते बोललो.
तो म्हणाला, तुमचं चुकते असं नाही जी साहेब,
मले झोप येत नाही.

एमआरआयच्या काळ्या फिल्मवर
पहिल्याने पेनाचं टोक टेकवलं: पाचपैकी चार.
दुसऱ्याने तीच फिल्म उजेडाला धरली,
चष्मा कपाळावर सरकवला:
मी तीन म्हणेन. जुनी सूजही असेल.
दोघांच्या मध्ये मी,
वादातली जमीन,
जिला कोणी काही विचारत नाही.

बायोप्सीचा पहिला कागद: तीन अधिक चार.
डॉक्टर वैरागडे बाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या,
त्यांचा चहा गार होईस्तोवर वाकलेल्याच.
मग म्हणाल्या, चार अधिक तीन.

मला हसू आलं. बेरीज सातच ना, मॅडम?
सातच. पण आधी काय येतं, ते बघायचं असतं.
त्या हसल्या नव्हत्या.

आशेने गेलो होतो हे तेव्हा कळलं.
फेरमोजणीत शेत वाढूनच निघेल,
असं प्रत्येक अर्जदाराला वाटतं;
मी टेबलापलीकडे बसून पाहिलेत ते चेहरे.

रात्री कूलरच्या आवाजावर आवाज चढवून
शशीकला विचारते, आता तिसरीकडे दाखवायचं?
मी तिला गोमाजीचं सांगतो.
म्हणजे बांध हललाच नाही?
नाही.
मग झोप आली का त्याला, शेवटी?

डबा फ्रिजवर आहे, अजून ओलसर.
चौतीस वर्षांत
हे मी कोणालाच विचारलं नव्हतं.