शून्य विस्थापन

सोमवारी शासनव्यवस्था, बुधवारी उपयोजित भौतिकी,
गुरुवारी उत्पादन व्यवस्थापन.
तिन्ही पुस्तकं जुनी. भौतिकीच्या पुस्तकात
आधीच्या कुणीतरी पिवळ्या शाईनं
नेमकं नको तेच रंगवून ठेवलेलं.
मी व्हर्ना ऑस्ट्रँडर, वय एक्कावन्न,
सॅगिनॉत स्टिअरिंगचे गिअर घडवले एकोणीस वर्षं,
आता पुन्हा पहिलं वर्ष.

लिंडहोम सर फळ्यावर लिहितात:
कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन.
दिवसभर भिंत ढकला, घामाघूम व्हा,
भिंत हलली नाही तर कार्य शून्य.
जिथून निघालात तिथंच परत आलात
तर विस्थापन शून्य.
मी वहीच्या कडेला मांडते:
घर ते कारखाना अकरा मैल,
कारखाना ते घर अकरा,
गुणिले एकोणीस वर्षं.
उत्तर बरोबर येतं.
त्याचाच राग येतो.

शेजारच्या बाकावरून ट्रेव्हियन कुजबुजतो,
"मॅम, अंतर वेगळं, विस्थापन वेगळं."
अठरा वर्षांचं पोर, पेनाचं टोपण चावून चपटं केलेलं.
ठाऊक आहे रे.
कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा
आमच्या गल्लीतली सहा घरं टेक्सासला गेली.
त्यांचं विस्थापन मोजता येतं. मैलांत.

गुरुवारी पडद्यावर एक फोटो.
चेहरे पुसट केलेले,
पण हात कोण पुसतो?
डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग, पानाच्या आकाराचा.
माझा.
भोवती लाल वर्तुळ, खाली ओळ: अनावश्यक हालचाल.
कामगार दर मिनिटाला डावीकडे वळते.
चार सेकंद वाया.
आठ तासांच्या पाळीत किती?
सगळ्यांनी फोन काढले.

मी हात वर केला.
म्हटलं, डावीकडे होलिस होता.
प्रेसच्या दणक्यांनी त्याचे कान खाल्लेले,
धोक्याचा भोंगा त्याला ऐकू यायचा नाही.
दिवा लाल झाला की मी त्याच्या खांद्याला हात लावायचे.
लाल झालाय की नाही
हे वळल्याशिवाय कसं कळणार?

प्रेंटिस मॅडम वर्तुळाकडे बघत राहिल्या.
"हे कुठल्या रकान्यात घालायचं," म्हणाल्या,
स्वतःशीच.
मागून कुणीतरी तेवढ्यात उत्तर दिलं: बत्तीस मिनिटं.
बरोबर होतं तेही.
होलिस हल्ली गोठलेल्या खाडीवर भोक पाडून
मासे धरतो. दहाही बोटांनी.

शासनव्यवस्थेचा गृहपाठ: एका जाहीर सभेला जा,
पानभर लिहा.
आम्ही बस मंडळाच्या सभेला गेलो, ट्रेव्हियन आणि मी.
रात्री आठनंतरची नऊ नंबर बंद करणार होते,
आणि आमचा वर्ग सुटतो नऊला.
बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं.
टेबलावर तीन दिवे: हिरवा, पिवळा, लाल.
मी कागद वाचला. आवाज कापरा, पण वाचला.
पिवळ्यावरच संपलं,
उरलेलं मिनिट कुठं ठेवायचं कळेना.

मग ट्रेव्हियनचं नाव पुकारलं.
परत पुकारलं.
तो बसलेलाच,
हातातल्या कागदाची गुंडाळी घट्ट होत चाललेली.
मी डावीकडे वळले.
सवय.
खांद्याला हात लावला.
तो उठला,
आणि कागद न उघडताच बोलला, भराभर,
आजीच्या डायलिसिसबद्दल, बर्फात चालण्याबद्दल,
लाल दिवा लागून गेल्यावरही.
कुणी अडवलं नाही.

निर्णय पुढच्या महिन्यावर ढकलला.
त्यांनी ढकललं आणि हललं काहीच नाही.
यावर लिंडहोम सर काय म्हणतील ते मला माहीत आहे.

त्या रात्री नऊ नंबरमध्ये आम्ही दोघंच.
ड्रायव्हर बाईंनी हीटर वाढवला, विचारलं,
"काय म्हणाले?"
ट्रेव्हियन खिडकीच्या वाफेवर बाण काढत होता,
शेपटी इथं, टोक तिथं.
मी जिथं चढले होते तिथंच उतरले.
पानभर लिहायचंय सोमवारपर्यंत.
तारीख घातली आहे,
आणि बसचा नंबर.