भुसावळ, गाडी चार तास लेट

गाडी चार तास लेट,
म्हणून स्टेशनाबाहेर पडलो.
रसवंत्या, मोबाइलची दुकानं, केळीच्या वेफर्सचा तेलकट वास
ओलांडून ह्या लाल भिंतीपाशी.
मे महिना. रस्त्यावर कुत्रंही नाही.

लहानपणी एसटीच्या खिडकीतून
निंबाच्या वर नुसतं टोक दिसायचं चर्चचं,
आणि वडील म्हणायचे, "वीट बघ. दगड नाही, वीट."
एवढंच.
देवाशी त्यांचं देणंघेणं नव्हतं,
तापीकाठी भट्टी होती.

आज पहिल्यांदा जवळून.
कमानीच्या टोकाशी आलेली वीट
दोन्ही अंगांनी घासून निमुळती केलेली.
दिवसाला किती घासल्या जात असतील?
रोज काय मिळत असेल?

सवयीने एक वाजवली बोटाच्या पेराने.
वडील कानाशी धरून वाजवत:
पक्की असली की भांड्यासारखी खणकते,
कच्ची मुकी राहते.
ही खणकली. शेजारची खणकली.
तिसरी वाजवली
तर भिंतीच्या आतून आवाज आला,
"कोन शे?"

विटेने असं विचारल्यावर
काय सांगतो माणूस?
नाव, आडनाव, गाव
सगळं जिभेवर येऊन परत गेलं.

मग बाजूचं दार उघडलं.
हातात केरसुणी, शांतवनकाका.
म्हटलं, बघायला आलो.
"देखा ना मंग."

मी बूट काढले. ते म्हणाले, ऱ्हाऊ द्या, आठे चालतस.
स्वतः मात्र अनवाणी;
फरशी गार होती माठाच्या बुडासारखी.

पितळी पाटीवर एक इंजिन ड्रायव्हर,
त्याची बायको, आणि मुलगी,
वय अकरा आठवडे, पटकी.
गवंड्याची पाटी नाही.
एका निळ्या काचेच्या जागी पत्रा.
घंटा तडकली, तेव्हापासून
रुळाचा हातभर तुकडा टांगलाय,
त्याच्यावरच ठोका देतात रविवारी.

निघताना कोपऱ्यावरची एक वाजवली. मुकी.
काका हसले. "ती मनी.
अठ्ठ्याण्णवमा ट्रक भिडना व्हता आठे,
मीच बसाडी."

अठ्ठ्याण्णव.
त्याच उन्हाळ्यात कोळसा परवडेना
आणि वडिलांनी शेवटच्या दोन भट्ट्या
अर्ध्याकच्च्या उतरवल्या होत्या.
वर्षभर आरशात न बघता दाढी केली त्यांनी.

वीट कुठून आणली होती,
हे विचारायचं राहिलं.
राहिलं म्हणजे,
वेळ होता. गाडी अजून
खंडव्यापाशीच होती.