सुळा

हुपरीहून निघालो तेव्हा पैंजणांची ऑर्डर अर्धीच होती,
भट्टीवर शेजारच्या बाळूला बसवलं
आणि गार्गीला मागं घेऊन मोटरसायकल राजारामपुरीकडं काढली.
वाटेत तिनं एकदाच विचारलं, "दुखंल का वो, पप्पा?"
मला काय ठाऊक.
माझा सुळा पन्नास वर्षं ओठावर चढून बसलेला,
लग्नाच्या फोटोतसुद्धा मी तोंड मिटून उभा आहे.

मगदूम बाईंनी प्लास्टरचा जबडा टेबलावर ठेवला.
गार्गीचा. पण त्यात मला मीच दिसलो:
तोच सुळा, खाली पाय टेकायला जागा नाही म्हणून
दुसऱ्याच्या खांद्यावर चढलेला,
जोतिबाच्या यात्रेत सासनकाठी बघायला पोर चढतं तसा.

मग दातादातावर चिकटला खाचेचा एकेक बारका चौकोन
आणि खाचांमधून गेली तार.
तार म्हटल्यावर मी खुर्ची पुढं ओढली.
तीस वर्षं दुसरं काय केलंय?
चांदीची कांब जंतरातून ओढायची,
मोठ्या भोकातून, मग लहान, मग त्याहून लहान,
मधेमधे तापवायची, नाहीतर तटकन तुटते.
बाईंनी एक तुकडा हातात दिला.
वाकवला. सोडला. पहिल्यासारखा झाला.
पुन्हा वाकवला. पुन्हा तेच.

आमची चांदी ऐकते. वळवाल तशी वळते, आणि विसरते.
ही ऐकणारी नव्हे. हिला आपला आकार पाठ आहे.
वाकड्या रांगेत तिला वाकवून बसवायची,
मग ती रात्रंदिवस, पोर झोपलेली असतानासुद्धा,
आपल्या कमानीकडं परत निघते
आणि जाताना दातांना बरोबर नेते.

"पण बाई, दात तर हाडात रोवलाय."
"रोवलेला नाही," बाई म्हणाल्या, "टांगलेला आहे."
दात आणि हाड यांच्यामध्ये बारीक दोऱ्यांचा पाळणा असतो.
दात ज्या अंगाला रेटतो तिकडचं हाड विरतं,
जी जागा सोडतो तिथं नवं भरतं.
महिन्याला एक मिलिमीटर, फार तर.
जोर जास्त लावला की काम उलट अडतं.

उचगावचा पूल येईस्तोवर मी हेच घोळवत होतो:
लेकीच्या तोंडात कुणीतरी
एका बाजूची भिंत पाडतंय, दुसऱ्या बाजूची बांधतंय,
आणि बिऱ्हाड तर हललेलं नाही.

पहिले चार दिवस रडली.
भडंग बंद, चिक्की बंद, उसाची कांडी बंद.
चुलतभावानं मुद्दाम समोर बसून कांडी सोलली.
मी पांढऱ्या रश्श्यात भाकरी कुस्करून दिली,
अगदी मऊ, दोन वर्षांची होती तेव्हा द्यायचो तशी.
वर्गात कुणी तिला 'लोखंडी गेट' म्हणालं.
पुढच्या खेपेला तिनं बाईंकडं रंगीत रबरं मागितली,
मामाच्या पेठेतल्या फुटबॉल टीमच्या रंगाची.

दीड वर्ष.
एक दिवस सुळा खांद्यावरून खाली उतरून रांगेत उभा होता.
कधी उतरला, कुणीच पाहिलं नाही.

तार काढली त्या दुपारी ती जीभ फिरवत राहिली नुसती.
"पप्पा, दुसऱ्या कुणाचं तरी तोंड वाटतंय."
बाईंनी रात्री लावायची प्लेट दिली,
म्हणाल्या, नाहीतर दात जुन्या जागी जायला बघतात.
म्हणजे त्यांनाही पाठ असतं तर.

ती तार मी मागून आणली. जंतराशेजारी खिळ्याला आहे.
गिऱ्हाईक विचारतं, ही कुठली चांदी?

परवा घरी फोटो काढत होते. हसा म्हणाले.
ती हसली, सगळे दात दाखवून,
त्यात माझं असं काही उरलेलं नाही.
मग माझ्याकडं वळली, "तुम्ही पण."
माझा हात तोंडाकडं गेला, सवयीनं.
तिनं तो धरला आणि खाली नेला,
हळूहळू.
जोर जास्त लावला नाही.