खाली हातभर जागा

शनिवारी रात्री भांडाराचं शटर अर्धं ओढून
मी फळा पुसते.
आधी ओला फडका, मग कोरडा.
उलटं केलं तर, मास्तर सांगायचे,
गेल्या आठवड्याची नाचणी
या आठवड्याच्या तांदळातनं दिसत राहते.

मग लिहायला घेते.

रविवार, सकाळी सात. चटणीचं कांडप.
मिरच्या देठ खुडून आणाव्यात.
ज्यांना ठसका लागतो त्यांनी हिशेबाला बसावं.

बुधवारी आजऱ्याचा घनसाळ येतोय.
सभासदाला पाच किलो,
बाकीच्यांना वास.
हे कमिटीनं सांगितलं नव्हतं, माझं मीच घातलं.
शमशादभाभी वाचून हसल्या,
म्हणून खोडलं नाही.

गुरुवारी वजनमापवाले साहेब.
काटा आपला खरा आहे,
पण पारड्याखाली चिकटलेला गूळ
कुणीतरी आधी खरवडा.

पाहिजे: सायकल असलेला मुलगा किंवा मुलगी.
जिना उतरवत नाही अशा ११ घरी
किराणा पोचवायला. पगार बेताचा, चहा दोनदा.

इथं खडू थांबला.
हिराबाई सुतार मंगळवारी गेल्या.
त्यांचं नाव फळ्यावर कधी नव्हतंच,
पुसायचं तरी काय?
बोटाला थुंकी लावून
दुसऱ्या एकाची शेपटी पुसली.
उरलं ते शून्यच होतं.

चार वर्षांमागं मी सुभाषनगरात
चपलांच्या वेण्या वळत होते.
ते काम सुटलं. पावशेर साखरेला इथं आले
तर फळ्यावर हे:
पाहिजे: फळा लिहायला माणूस.
अक्षर बरं नसलं तरी चालेल,
शब्द मोडू नये.
अक्षर कसलं, मोत्यांची सर.
असल्या हाताचा माणूस
स्वतःच्याच जागेला माणूस का मागतोय?

आत बाळगोंडा मास्तर बसलेले.
पुढ्यात तूरडाळ, मसूर, हरभऱ्याची डाळ,
आणि ते बोटांनी एकेक ओळखत होते.
नजर माझ्या खांद्यावरनं पलीकडं कुठंतरी.
'कोण?'
'मालन. फळ्याचं वाचून आले.'
'काय लिहिलंय, वाच बघू.'
वाचलं.
'मोडू नये, ते मोठ्यानं वाचलंस,' म्हणाले,
'उद्यापासनं ये. आणि खाली हातभर जागा सोडत जा.
ती आपली नव्हं.'

तेव्हापासनं सोडते.
महापुराची रेघ भिंतीवर अजून आहे, चहाच्या रंगाची.
फळा तिच्या वर टांगलाय,
म्हणून पोरांचे हात पुरत नाहीत.
टोमॅटोचं रिकामं कॅरेट
मी रात्री खाली पालथं ठेवते
आणि खडूचा एक तुकडा
विसरल्यासारखा.

कधी कुणी लिहितं, शिलाई मशीन विकणे आहे.
कधी, दहावीचं गणित शिकवेन, पैसे नकोत, जेवण.
भरमू तालमीतला, त्यानं एकदा लिहिलं
रोज दोन शेर दूध जास्तीचं पाहिजे,
आणि खाली कुणीतरी,
आधी कुस्ती जिंक की लेका.

आज सकाळी शटर वर गेलं
तर कॅरेट सरकलेलं,
आणि तळाला, वर चढत गेलेल्या ओळीत:

मांजराची पिल्लं. ३. फुकट.
दूध पीतात.

मास्तर उंबऱ्यावर काठी टेकवून उभे.
'खाली काय आलंय?'
मी वाचलं, जसंच्या तसं.
'पीतात? पी दीर्घ?'
'दीर्घ.'
थोडा वेळ बोलले नाहीत.
कांडपवाल्या बायका कोपऱ्यावरनं येत होत्या,
मिरच्यांची पोती आधी दिसली, मग त्या.

'ऱ्हाऊ दे,' म्हणाले.
'भूक लांबलचक असंल.'