शंकरपाळी

सोसायटीच्या कम्प्युटरवर आधी जे होतं
त्याचे तीस दिवस संपले,
आणि डिझेल परताव्याच्या तक्त्यावर
आडवं, करडं, कंपनीचं नाव उमटू लागलं,
उसन्या होडीवर मालकाचं असतं तसं.

सेक्रेटरी म्हणाले, पैसे भरायचे तर ठराव लागेल,
ठरावाला सभा, सभेला कोरम,
आणि कोरम सध्या समुद्रावर आहे.

मग जामसंड्याहून साईराज धुरत आला,
पेन ड्राइव्हमधून एक फुकटचं उतरवून गेला.
चौकोन म्हणजे काम.
शंकरपाळी म्हणजे प्रश्न,
एका टोकातून हो निघतं, दुसऱ्यातून नाही.
चौकोन ओढला की बाण मागोमाग येतो,
तुटत नाही.
दिवसभर मी नुसतं तेवढंच करून पाहिलं.

लवू तारी आले तिसऱ्यांदा, परताव्याचं विचारायला.
पडद्याकडे बघून म्हणाले,
"ह्यां काय गो, दिवाळी?"
मी सांगितलं: अर्ज पूर्ण आहे का?
हो, तर मालवण. नाही, तर परत इथे.
मालवणात एक सही कमी निघाली, तरी परत इथे.
"म्हणजे माजो अर्ज ह्या फेऱ्यात आसा."
आहे, म्हटलं, आणि बाणावर बोट ठेवलं.

"कितीक घेतलास?"
फुकट.
"फुकट? कोणी केल्यानी?"
कोण कोण, कुठले कुठले.
एकाने बाण केले, एकाने रंग,
कुणीतरी रात्री बसून मराठी अक्षरं घातली,
जोडाक्षरं अजून फुटतात, ती कुणीतरी सांधेल.
"आणि वाटो?"
वाटा नाही.
"मगे कित्याक?"

मला उत्तर नव्हतं.
तेच थोड्या वेळाने म्हणाले,
रापणीच्या दोरीक हात लावलो
तर वाटसराक पण चार तारले मिळत.
"पण हडे मासोच नाय गो."

पंख्याखाली खुर्ची ओढली.
"घे, वायच माजां काढ."

बंदराबाहेर पडलो. चौकोन.
दीपगृह बुरजाआड गेलं? शंकरपाळी.
नाही, तर तसंच पुढे, आणि पुन्हा तोच प्रश्न.
गेलं, तर नाळ दक्षिणेला.
देवळाचा कळस माडांवर आला?
आला, तर इंजिन बंद. शिसं सोड.
शिशाला चिखल लागला की रेव?

डोळे मिटलेले, बोटं टेबलावर,
पंचेचाळीस वर्षांची चाल एका दमात.
सगळं आधीच काढलेलं होतं त्यांच्यात,
मी नुसती रेघ सरळ करत होते,
आणि चुकले की तेच थांबवत,
"होय थंय नाय, होय हडे."

रेव लागली तर?
ते गप्प.
माझ्या बाणाचं टोक अधांतरी लुकलुकत राहिलं.
"तांबोश्यांचां खडप.
बापाशीन माका दाखवल्यान, धाकट्याक नाय."
बाहेर बर्फाचा टेंपो मागे येत होता, मागे, मागे, बस.
"थंय चौकट घाल. नाव घालू नको."

घातली. रिकामी. बाण चिकटला.

एका कागदावर मावेना,
दोन पानं डिंकाने जोडून दिली.
मासळीच्या पिशवीत गुंडाळून
शर्टाच्या आत घेऊन गेले.

नारळी पौर्णिमेनंतर एक पोरगा खिडकीशी.
धाकट्याचा झील, अमेय,
केसांत मीठ, हातात लगदा झालेला तोच कागद.
"काकान सांगितल्यान, आणखी एक काढून दी."
उलगडून पाहिलं.
माझ्या सगळ्या रेघा जागच्या जागी,
आणि रिकाम्या चौकटीत पेन्सिलीचं काहीतरी,
पाण्याने फुगून निळं-करडं.
काय होतं इथे?
तो हसला. "भिजलां."

नवा प्रिंट दिला. पाच रुपये कागदाचे घेतले.
चौकट रिकामीच ठेवली.

परतावा अजून फेऱ्यात आहे.