समुद्रसपाटीपासून

आमच्या गावचं स्टेशन बंद झालं, पाटी राहिली.
पिवळ्यावर काळं: समुद्रसपाटीपासून ३१२ मीटर.
आम्ही कोणी समुद्र पाहिला नव्हता,
तरी रोज शाळेत जाताना
त्याच्या तीनशे बारा मीटर वरून चालायचो,
नाकातून काळी माती शिंकरत.

आता मी वायरमन आहे.
बाईसाठी वेगळा शब्द आमच्या पगारपत्रकात नाही.
नऊ मीटरचा खांब, कमरेला पट्टा,
खाली सुखलाल बेठेकर, मान वर करून तंबाखू मळत.
म्हणजे माझी आजवरची सर्वोच्च उंची तीनशे एकवीस,
चिखलदरा धरला नाही तर.
चिखलदऱ्याला एसटी जाते, म्हणून धरत नाही.

मे महिना. सेहेचाळीसचा दिवस रात्रीही स्लॅबमध्ये बसून असतो.
पाणी मारून गच्चीवर गादी टाकली
आणि बिलाच्या कोऱ्या पाठीवर तीन नावं लिहिली.

युनाम. सहा हजार एकशे अकरा.
पानठेल्यावर सांगायला सोपा आकडा.
गाडी जवळजवळ पायथ्याशी सोडते,
पण चाकांनी चढवलेली उंची
रात्री डोक्यात ठोके मारते म्हणतात.

कांग यात्से दोन. सहा हजार दोनशे पन्नास.
आधी कितीक दिवस नदीकाठानं चालायचं, शरीराला समजावत.
पटलं. पण रजा उरल्या बारा,
बाकीच्या चुलतबहिणीच्या साक्षगंधात गेल्या.

फ्रेंडशिप. पाच हजार दोनशे एकोणनव्वद.
नाव एखाद्या पतसंस्थेचं वाटावं असं.
वजा गाव, बाकी चार हजार नऊशे सत्त्याहत्तर.

पाण्याच्या टाकीला ब्याऐंशी पायऱ्या.
पाठीवर सरकीच्या ढेपेचं पोतं, अर्धंच.
पहाटे पाचला चढ, उतर, सात खेपा.
पंपावरचे डोमाजी खाटेवरूनच ओरडतात,
"वर जातच हायेस त पाहून येजो वो, टाकी भरली काय!"

आणि ऑफिसात नितेश: "जातंच त सहा हजाराले हात लावून ये.
पाच हजाराले कोण विचारते?"
खरं आहे. पाच हजारात इथं म्हशीची शिंगंही येत नाहीत.

तिन्हीकडे फोन लावला. एकच विचारलं:
अर्ध्यातून परतायचं झालं तर?
पहिला म्हणाला, ताई, असा विचारच मनात आणू नका.
दुसरा म्हणाला, पैसे परत मिळत नाहीत.
तिसरा, खेमराज नावाचा, थोडा वेळ बोललाच नाही.
मागे कुणाच्या तरी शेळ्या.
मग म्हणाला, गेल्या साली अकरा वेळा गेलो,
पाच वेळा वर न पोचता आलो.
ऊन चढलं की बर्फ मऊ होतो.
घड्याळ बघून वळायचं. शिखर बघून नाही.

ही भाषा मला येते.
तारेला हात लावण्याआधी आम्ही उपकेंद्राला विचारतो:
लाईन बंद? बंद. कोणी केली? किती वाजता?
तरीही अर्थिंगचा रॉड टेकवून बघतो.
काटोले गुरुजींनी मला आठ दिवस
चढायला शिकवलंच नाही, उतरायला शिकवलं.
घाम डोळ्यात गेल्यावर उतर.
हातात पान्हा असताना उतर.
खाली लोक शिव्या देत असताना उतर, सावकाश.
"चढाले काय," म्हणायचे, "बकरीबी चढते."

म्हणून तिसरं.

रजेच्या अर्जात 'कारण' असा रकाना आहे.
'पर्वत' लिहिलं, खोडलं,
'घरगुती' लिहिलं, सगळे लिहितात तसं.
परतीची तारीख त्याआधीच भरून झाली होती.
साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं,
"तिकडं खांब असते काय?"
माहीत नाही, म्हटलं.

येताना स्टेशनच्या पाटीवरची धूळ ओढणीनं पुसली.
३१ उरलेत.
पुढे गंज.